द्वेष पात्रांचा की गोष्टीचा?

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी माझी पहिली कादंबरी लिहिते आहे, अद्भुतरम्य प्रकारातली. सोनवट नावाचं एक राज्य आहे आणि त्याच्या सीमेवर घनदाट जंगल. जंगलात रुखार नावाचे लोक राहतात. त्यांना धातू माहीत नाही, ते घरं बांधत नाहीत, झाडांच्या ढोल्यांत राहतात. सोनवटचे लोक त्यांना जनावरांत जमा करतात. सैनिक सुट्टीच्या दिवशी त्यांची शिकार करतात, आया मुलांना त्यांची भीती घालतात. माझी नायिका तारिणी सीमेवरच्या तुकडीत आहे. जखमी होऊन ती जंगलात अडकते, तेव्हा गुंभ नावाचा म्हातारा रुखार तिला वाचवतो. पुढे राजधानीला वेढा पडतो आणि हाच गुंभ सोनवटच्या सैन्याला गुप्त वाटेने घेऊन जातो. शेवटच्या लढाईत तारिणीवरचा वार तो स्वतःवर घेतो आणि मरतो. राजा त्याचा पुतळा उभारतो.

मला पूर्वग्रहाविरुद्ध लिहायचं होतं. पण खर्डा वाचून माझा जवळचा मित्र म्हणाला, ‘सोनवटचे लोक रुखारांचा तिरस्कार करतात ते ठीक आहे, पण तुझी कादंबरीसुद्धा करते.’ मला हे फार लागलं. आमच्या लेखनगटातली एक जण म्हणते, लोकच काल्पनिक, त्यात दुखावणार कोण? दुसरी म्हणते, वैराचे प्रसंग सौम्य कर आणि रुखारांना सुंदर, ज्ञानी दाखव. मला यातलं काहीच पटत नाही. रुखारांना काढूनच टाकू का? पहिल्या भेटीची पानं सोबत पाठवते आहे.

– एक नवी लेखिका

प्रिय मैत्रिणी,

रुखारांना काढू नकोस, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं वैर सौम्यही करू नकोस. सुट्टीच्या दिवशी माणसांची शिकार करायला निघणारे सैनिक तू कल्पनेने उभे केलेस आणि त्यांच्यावरून नजर काढून घेतली नाहीस, ही या कादंबरीची ताकद आहे. त्याऐवजी समजूतदार माणसांचं राज्य रंगवलंस, तर रुखारांवर झालेला अन्याय सोनवटच्या नव्हे, तुझ्याच हातून झाकला जाईल.

तरी तुझ्या मित्राचं म्हणणं मनावर घे. तो पात्रांबद्दल बोलतच नाहीये. गोष्ट स्वतः रुखारांकडे कशी पाहते, याबद्दल बोलतोय. पाठवलेली पानं मी वाचली आणि मला तो बरोबर वाटला.

गुंभ पहिल्यांदा दिसतो तिथे तू लिहिलं आहेस: ‘झाडीतून एक आकृती सरपटत पुढे आली. सालीसारखी खरबरीत कातडी, पिवळे दात, डोळ्यांत जनावराची चमक.’ हे कोण सांगतंय? तारिणी तर बेशुद्ध आहे, ती शुद्धीवर येते पुढच्या परिच्छेदात. तिथे पाहणारं दुसरं कोणीच नाही. म्हणजे हे वर्णन निवेदकाचं झालं, आणि निवेदकावर वाचक डोळे मिटून विश्वास ठेवतो. हेच शब्द एखाद्या शिपायाच्या तोंडी असते, तर वाचकाने ते शिपायाच्या खाती मांडले असते. निवेदकाने उच्चारले की ते त्या जगातलं सत्य ठरतं. पुढे गुंभ कितीही चांगला वागला तरी वाचकाच्या मनात तो ‘जनावरासारखा असून चांगला’ एवढाच उरतो. तुझ्या मित्राला जे जाणवलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

जंगलातल्या आदिम लोकांनी राजाच्या सैन्याला वाट दाखवण्याचा एक प्रसंग इंग्रज लेखक टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतरम्य कादंबरीच्या तिसऱ्या खंडात आहे. हा खंड १९५५ साली आला. तुझ्या गुंभावर त्याची सावली पडलेली असणार, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर बोलते. त्यात जमलेलंही बरंच आहे आणि राहून गेलेलंही.

रोहान राज्याचे घोडेस्वार शेजारच्या गोंडोर राज्याच्या वेढलेल्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या मदतीला निघाले आहेत. पुढचा रस्ता शत्रूने अडवलाय. द्रुआदान नावाच्या जंगलाजवळ त्यांचा तळ पडलाय. रात्री दुरून ढोल ऐकू येतात आणि सैन्यासोबत असलेला मेरी, हॉबिट नावाच्या बुटक्या जमातीतला, अस्वस्थ होतो. एल्फहेल्म नावाचा सरदार त्याला समजावतो: ही रानातली जंगली माणसं, जुन्या काळातले उरलेसुरले लोक, जनावरांसारखी बुजरी. ती विषारी बाण वापरतात असं ऐकून आहोत, आणि ती आपल्या शिकारीवर नाहीत हे आपलं नशीब. यानंतर काही पानांतच त्या लोकांचा मुखिया घान-बुरी-घान राजा थिओडेनसमोर बसतो आणि सैन्याला वाट दाखवायला तयार होतो. राजा त्याला मोठं बक्षीस आणि मैत्री देऊ करतो. घान म्हणतो, मेलेली माणसं कोणाची मित्र नसतात, भेटी देत नाहीत. पण तुम्ही या अंधारातून जगलात-वाचलात, तर आम्हाला आमच्या रानात राहू द्या आणि इथून पुढे जनावरांसारखी आमची शिकार करू नका.

आता एल्फहेल्मचं बोलणं पुन्हा आठव. शिकार आजवर कोण कोणाची करत आलं, ते वाचकाला इथे कळतं. ज्यांनी शिकार केली तेच रात्री तळावर पडल्या पडल्या ‘ते आपली शिकार करत नाहीत हे नशीब’ म्हणत होते. विषारी बाणांची गोष्टसुद्धा सरदार स्वतः पाहिलेली म्हणून सांगत नाही, ऐकीव म्हणून सांगतो. पूर्वग्रह माणसांमध्ये असाच फिरतो: आपण केलेलं विसरलं जातं आणि ते काय करतील याची भीती तेवढी तोंडोतोंडी पसरत राहते. टॉल्किन यावर भाष्य करत नाही. दोन माणसांची दोन वाक्यं थोड्या अंतरावर ठेवतो आणि पुढे निघतो. सोनवटच्या आयांनी मुलांना घातलेली भीती तुझ्याकडे आधीच आहे. सुट्टीतली शिकारही आहे. मात्र तू दोन्ही एकाच परिच्छेदात सांगून टाकल्या आहेस. त्या सुट्या कर. भीती पहिल्या प्रकरणात येऊ दे, तारिणीच्या बालपणात, तिला ती पूर्ण खरी वाटत असताना. शिकार मात्र वाचकाला एखाद्या रुखाराकडून कळू दे, तीही तारिणी समोर बसलेली असताना.

घानचं रूपही टॉल्किन मुळीच गोंडस करत नाही. बुटका, ओबडधोबड, वाळक्या शेवाळासारखी विरळ दाढी, कमरेला फक्त गवत. पण ते रूप आपल्याला दिसतं मेरीच्या डोळ्यांनी, आणि त्याला लगेच रोहानच्या डोंगरवाटेवर पाहिलेल्या जुन्या दगडी मूर्ती आठवतात. त्या मूर्ती ज्यांना पाहून घडवल्या गेल्या, त्या माणसांचा हा वंशज असेल का, असं त्याच्या मनात येतं. एका तुलनेत किती काम झालंय बघ. वर्णन एका पाहणाऱ्याचं झालं, आणि हे लोक आजच्या राज्यांच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत हेही कळलं. गुंभाची सालीसारखी कातडी तुला हवी असेल तर ठेव, फक्त ती तारिणी पाहते आहे असं कर. तिने आयुष्यभर काय ऐकलंय ते त्या पाहण्यात मिसळू दे. नंतर कधीतरी तीच कातडी ती पुन्हा बघेल तेव्हा तिला त्यावर भाजल्याचे जुने वण दिसू देत, आणि ते कशाचे हा प्रश्न पडू दे. बदल तारिणीच्या नजरेत व्हायला हवा. गुंभ पहिल्या दिवसापासून तोच आहे.

मला या प्रसंगात सर्वांत आवडतो तो मोजणीचा भाग. शत्रूची संख्या या रानातल्या माणसाला कशी कळणार, अशी शंका राजाचा भाचा एओमर घेतो. घानला ते खटकतं. आम्ही रानटी असू, स्वतंत्र असू, पण मुलं नाही आहोत, असं तो सांगतो. मी आकाशातले तारे, झाडांची पानं आणि अंधारातली माणसं मोजतो, असं म्हणून तो घोडेस्वारांची संख्याही सांगून टाकतो: वीस विसांच्या पंधरा पट. हिशेब कर, बरोबर सहा हजार. त्यानंतर तो जी वाट सुचवतो ती काही जादूची नाही. गोंडोरच्या लोकांनी फार पूर्वी दगड वाहणाऱ्या गाड्यांसाठी एक रस्ता काढला होता. ज्यांनी काढला त्यांच्या वंशजांना तो आठवत नाही. घानच्या लोकांना आठवतो.

तुझ्या गुंभाला वाट ‘जंगल कानात सांगतं’ म्हणून सापडते. हे बदल, अगदी नक्की बदल. जंगलातल्या माणसाचं ज्ञान गूढ केलं की त्याची मेहनत, स्मरण आणि अक्कल सगळी पुसली जाते. उरतो एक चमत्कार, ज्याचं श्रेय त्याच्याकडे जातच नाही. गुंभाला ती वाट का माहीत आहे? कदाचित सोनवटच्या आजोबा-पणजोबांनी लाकूड ओढून न्यायला ती पाडली असेल. कदाचित त्या वाटेवर रुखारांची एक वस्ती होती आणि आता नाही. असं असेल तर ज्या वाटेने राजधानी वाचते त्याच वाटेचा भूतकाळ सोनवटला झेलावा लागेल. गोष्टीवर होणाऱ्या परिणामाचा विचार केलास तरी हे कानातल्या कुजबुजीपेक्षा कितीतरी भारी आहे.

आता वैराच्या कारणाकडे येते, कारण तुझ्या खर्ड्यातली मोठी उणीव मला तिथे वाटते. सोनवट रुखारांचा द्वेष का करतं? पत्रात तू लिहितेस की ते त्यांना जनावरांत जमा करतात. पण हे तर द्वेषाचं रूप झालं. कारण वेगळं असतं आणि बहुतेक वेळा ते जमिनीत, लाकडात, पाण्यात किंवा जुन्या गुन्ह्यात सापडतं. अद्भुत कथांमध्ये हा तिरस्कार बऱ्याचदा हवामानासारखा असतो: आहे म्हणून आहे. त्यामुळे तो नायिकेच्या एका मैत्रीने निवळतो, आणि वाचकाला वाटतं की गैरसमज होता, मिटला. गैरसमजातून एखादं भांडण होईल. पिढ्यान् पिढ्या शिकार चालते तेव्हा तिच्यातून कोणालातरी काहीतरी मिळत असतं.

आपल्याकडे याचं फार जुनं उदाहरण आहे. महाभारतात कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळू देतात आणि पळणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी अडवून मारतात. गोष्टीत दिलेलं कारण अग्नीच्या भुकेचं आहे. त्या आगीतून तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एवढेच वाचले. आणि वाचलेल्या मयासुराने पुढे पांडवांसाठी ती प्रसिद्ध सभा बांधली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिलं आणि इतक्या कठोर संहाराची गरज काय होती हे थेट विचारलं. तो लेख वाच, किंवा पुन्हा वाच. सोनवटची ‘अग्नीची भूक’ काय आहे, म्हणजे ते स्वतःला कोणतं कारण सांगतात आणि खरं कारण कोणतं, हे तुला स्वतःला स्पष्ट असायला हवं. कादंबरीत त्याचं एक वाक्यही आलं नाही तरी चालेल. तुला ठाऊक असलं की प्रत्येक प्रसंगात ते झिरपेल: राजधानीतली छपरं कोणत्या झाडाची आहेत, सीमेवरची तुकडी नेमकी कशाचं रक्षण करते, शिकारीला बंदी घातली तर कोणाची अडचण होते.

महाभारताचा विषय निघालाच आहे तर गुंभाच्या मृत्यूबद्दलही बोलू. घटोत्कच आठव. हिडिंबेचा, म्हणजे वनातल्या राक्षसीचा मुलगा. बापाच्या बाजूने लढतो. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्च होते. पांडव शोक करतात आणि कृष्ण आनंदाने अर्जुनाला मिठी मारतो. एवढंच नाही, कर्णाने याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं, असंही सांगतो. मला हा भाग वाचवत नाही, पण व्यासांच्या या कथनात एक भयंकर प्रामाणिकपणा आहे. वनातल्या मित्राचा मृत्यू कोणाच्या सोयीचा आहे ते तिथे उघड बोललं जातं. तुझ्या कादंबरीतही गुंभाचा मृत्यू सगळ्यांच्याच सोयीचा आहे. तारिणी वाचते. राजाला पुतळा उभारून मोकळं होता येतं. रुखारांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण वाचकाच्या ओळखीचा एकमेव रुखार आता दगडाचा झालाय. फरक एवढाच की व्यासांना ही सोय दिसत होती. तुला ती खर्डा लिहिताना दिसली नसावी.

म्हणून माझा आग्रह आहे: गुंभाला जिवंत ठेव. आणि वाट दाखवण्याआधी त्याला काहीतरी मागू दे. त्याहीआधी रुखारांच्या बैठकीत या मदतीवरून जोरदार वाद होऊ दे. कोणीतरी म्हणेल, जळू दे राजधानी, त्यांनी आपल्या किती जणांना मारलं. हे म्हणणाऱ्याला मूर्ख किंवा खलनायक करू नकोस. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तारिणीलाही पटायला हवं. गुंभ तरी मदत करायचं ठरवतो, तर का? नवा शत्रू आणखी वाईट आहे म्हणून, सौदा करायची हीच वेळ आहे म्हणून, की आणखी कशासाठी? ते तुला ठरवायचं आहे. ‘तो मनाने चांगला होता’ हे उत्तर पुरणार नाही.

त्या बैठकीची भाषाही नीट लिही. तुझा गुंभ आत्ता ‘मी तुला मारत नाय, तू घाबर नको’ असं तोडकं बोलतो. परक्या भाषेत कोणीही असंच बोलेल, त्यामुळे ते चूक नाही. घानही त्या जगातली सगळ्यांची सामाईक बोली अडखळतच बोलतो. पण आपण त्याला त्याच्या माणसांत, त्याच्या भाषेत बोलताना एकदाही ऐकत नाही, आणि ही त्या प्रकरणातली मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. वाचकाच्या कानात फक्त तोडकं बोलणं राहिलं की डोकंही तोडकंच असेल असं त्याला नकळत वाटू लागतं. तू रुखारांना आपसांत बोलू दे: सफाईदार, तिरकस, लांबलचक, एकमेकांना टोमणे मारत. आणि तारिणीला रुखारांची भाषा शिकताना अडखळू दे. तिच्या बोलण्यावर पोरंटोरं हसू देत.

टॉल्किनचं आणखी एक राहून गेलं. युद्धानंतर गोंडोरचा नवा राजा एलेस्सार ते जंगल कायमचं घान आणि त्याच्या लोकांचं आहे असं जाहीर करतो, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणी आत जायचं नाही असा हुकूम काढतो. ही गोष्ट पुतळ्यापेक्षा शंभर पटींनी बरी आहे, कारण मागितलं होतं तेच मिळालं. तरी ज्या रानात ते लोक कोणत्याही राजाच्या आधीपासून राहत होते, ते त्यांना राजाने ‘द्यावं’ लागतं, हे मला खुपतं. आणि शिकारीबद्दल रोहानमधलं कोणीही चकार शब्द काढत नाही. थिओडेन मागणी मान्य करतो आणि सैन्य कूच करतं. वेढा पडलेला असताना ते समजण्यासारखं आहे. पण तुझ्या कादंबरीला वेढ्यानंतरही पानं आहेत. तुला तिथे पुढे जाता येईल.

गटातल्या दुसऱ्या मैत्रिणीच्या सल्ल्यापासून मात्र दूर राहा. रुखारांना सुंदर, शांत आणि ज्ञानी केलंस तर तिरस्काराच्या जागी कौतुक येईल, माणूस येणार नाही. ‘निसर्गाची निष्पाप लेकरं’ ही कल्पनासुद्धा त्यांना माणसांच्या रांगेतून बाहेरच उभं करते, फक्त दुसऱ्या बाजूला. त्यात एक छुपी अटही असते: ते निष्पाप असतील तोवरच त्यांना मारणं चूक. मग एखादा रुखार लबाड निघाला की? त्यांच्यात एक आळशी असू दे, एक फुशारक्या मारणारा, एक जण सोनवटच्या माणसांना घाणेरडं समजणारी, काही कारण नसताना. शिकार होऊ नये हा हक्क त्या लबाडालाही आहे, आणि तुझ्या वाचकाला हे त्याच्याच बाबतीत जाणवलं पाहिजे.

टॉल्किनच्या मृत्यूनंतर, १९८० साली, ‘अनफिनिश्ड टेल्स’ या पुस्तकात याच लोकांच्या पूर्वजांबद्दलचं त्याचं लेखन प्रसिद्ध झालं. त्यात मला फार प्रिय असलेला एक तपशील आहे. त्यांना नीट न ओळखणारे लोक म्हणत, ऑर्क, म्हणजे शत्रूचे ते दुष्ट सैनिक, या लोकांच्याच जातीतून निपजले असतील. एल्फ, म्हणजे त्या जगातले अमर लोक, त्यांना सांगत, या दोघांच्या हसण्यात उजेड आणि अंधाराइतका फरक आहे. या कुरूप म्हटल्या गेलेल्या लोकांचं हसू इतकं भरभरून असे की ऐकणाऱ्यालाही हसू फुटे. शहाणपण, शौर्य, उपयुक्तता यांतलं काहीही पुरावा म्हणून पुढे केलं जात नाही. त्यांच्या शेजारी राहिलेल्यांनाच माहीत असेल अशी गोष्ट सांगितली जाते. तारिणी गुंभाच्या वस्तीत इतके दिवस राहते, तर तिला अशी कोणती गोष्ट माहीत झाली जी सोनवटमध्ये कोणालाच माहीत नाही? कादंबरीच्या कथानकाला तिचा काडीचा उपयोग नसला तर उत्तमच.

आता ‘लोकच काल्पनिक, दुखावणार कोण’ या प्रश्नाचं उत्तर. रुखार काल्पनिक आहेत, पण त्यांच्या वर्णनाचे शब्द तू कल्पनेतून आणलेले नाहीस. सरपटणं, जनावराची चमक, तोडकी भाषा, विषारी बाण: हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या साहसकथांमधून आणि त्या काळच्या प्रवासवर्णनांमधून आलंय. तिथे ते खऱ्या लोकांबद्दल लिहिलं जात होतं, आणि त्यांची जमीन घेणं योग्य कसं हे त्यातून वाचकांना पटत होतं. अद्भुत कथेने ते सामान वारशाने घेतलं. तू ते हेतूने वापरलं नाहीस, पण ज्या वाचकाच्या आजोबांना कोणीतरी हेच शब्द लावले होते त्याला ते लगेच ओळखू येतील. तुझ्या पुस्तकात त्याला स्वतःसाठी जागा सापडावी अशी तुझी इच्छा आहे ना? पत्रावरून मला तरी तसंच वाटलं.

द्वेष पूर्ण ताकदीने लिहायचा आणि तो पुस्तकाचा होऊ द्यायचा नाही, हे शक्य आहे का, असं तुला वाटत असेल तर अर्सुला ल ग्विनची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही छोटी कादंबरी वाच. ती १९७२ सालची आहे, व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलेली. प्रकार विज्ञानकथेचा असला तरी प्रश्न तुझाच आहे. पृथ्वीवरची माणसं एका वनग्रहावर लाकडासाठी जातात आणि तिथल्या बुटक्या, हिरव्या केसाळ रहिवाशांना गुलाम करतात. पहिलं अख्खं प्रकरण डेव्हिडसन या कॅप्टनच्या डोक्यातून लिहिलेलं आहे. त्याचा तिरस्कार इतका सहज आणि इतका आत्मविश्वासाचा आहे की वाचताना गुदमरायला होतं. दुसऱ्या प्रकरणात आपण सेल्व्हर या वनवासी माणसाच्या मनात शिरतो आणि पहिल्या प्रकरणात काय काय दिसलंच नव्हतं ते कळतं. तुलाही एक प्रकरण सुट्टीवर निघालेल्या शिपायाच्या डोक्यातून लिहिता येईल. त्याला राक्षस करू नकोस. त्याला घरी परतायची ओढ असू दे, मित्राच्या चुकांवर पांघरूण घालणारा असू दे. लगेच पुढचं प्रकरण त्या दिवशी जंगलात असलेल्या कोणाचं तरी. ल ग्विनच्या पुस्तकात आणखीही एक गोष्ट बघ. वनवासी जिंकतात, पण त्यासाठी त्यांना माणूस मारायला शिकावं लागतं, आणि ते शिकणं परत फिरवता येत नाही. द्वेषाने द्वेष झेलणाऱ्यांचं काय होतं हे इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी लिहिलं गेलंय.

कामाला कुठून लागायचं? शेवटाकडून. पुतळ्याचं प्रकरण बाजूला ठेव आणि गुंभ जिवंत आहे असं धरून शेवटची चाळीस-पन्नास पानं नव्याने लिही. त्याने काय मागितलं होतं, राजाने काय कबूल केलं, आणि सीमेवरच्या किती शिपायांनी ते पाळलं. सगळ्यांचं मन बदललंय असं दाखवू नकोस. तारिणीच्या तुकडीतला एखादा तरी तसाच राहील, आणि तिला त्याच्यासोबत पहारा द्यावा लागेल. तो प्रसंग लिहायला कठीण जाईल; तोच मला सर्वांत आधी वाचायचा आहे. शेवट जुळला की मागे येऊन पहिली भेट दुरुस्त कर. ते दोन तासांचं काम आहे.

नवा खर्डा त्याच मित्राला दे. त्याच्याकडे नजर आहे आणि तुला दुखावण्याचं धाडसही आहे. असा वाचक जपावा. ‘आता बरं झालं का?’ असं मात्र त्याला विचारू नकोस. रुखार कोणत्या पानावर एखाद्या गोष्टीला नाही म्हणतात आणि त्या नकारामुळे पुढे काय बदलतं, तेवढं त्याला शोधायला सांग. त्याला एकही पान सापडलं नाही, तर बैठकीचं प्रकरण अजून अर्धवट आहे असं समज आणि ते मला पाठव.

तुझी,
ताई